अडीच हजारांची वेस

आधी संपत्ती वाढू द्या, वाटपाचं मग बघू, असं एक पक्ष सांगतो. आधी वाटा, वाढ मागून येईल, असं दुसरा. महाराष्ट्राने 1970च्या दशकात या वादात न पडता एक तिसरीच गोष्ट केली : शहरातली कमाई आणि दुष्काळी भागातली मजुरी कायद्याने एकमेकींना बांधली.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना साधी होती : जो अंगमेहनत करायला तयार आहे, त्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य. तासगाव तालुक्यात ती आधी आजमावली गेली. 1972च्या दुष्काळात तिचा राज्यभर कस लागला. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979पासून तो अंमलात आला. ‘मागेल त्याला काम’ ही घोषणा आता हक्क झाली होती. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्ता. पैशासाठी 1975 साली नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, त्यात सरकारने आपलाही वाटा घातला.

याला दानधर्म समजणं चूक ठरेल. मजुरी बाजारात ठरते, हे खरं. पण उन्हाळ्यात बागायतदार थांबू शकतो, रोजंदारीवरची बाई थांबू शकत नाही. रोजगार हमी योजनेच्या (रोहयोच्या) हजेरीपटावर नाव लागलं की तीही थोडी थांबू शकते. बाजार मोडला नाही, फक्त त्यातल्या दुबळ्या बाजूला नाही म्हणण्याची सोय झाली. या कामांवर बायकांची गर्दी उगाच नव्हती.

यातून वाढही झाली. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते या कामांतून उभे राहिले. 1990नंतर रोहयोला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि कोरडवाहू माळावर डाळिंब-बोरं आली. मात्र विषमता इथेही आलीच. तलावाचं पाणी जिरलं ते ज्याची विहीर खाली होती त्याच्या रानात. माती वाहणाऱ्या भूमिहीन बाईच्या हाती आठवड्याची मजुरी तेवढी आली; पाण्याने वाढलेली जमिनीची किंमत मालकाकडे गेली. मजुरीने उपासमार टळते; दरी कमी व्हायची, तर मालकीतही वाटा लागतो.

भांडवलशाहीत परतावा मालकीमागे धावतो, आणि 1991नंतर तो अधिक वेगाने धावला. देशाची वाढ खरी आहे, दारिद्र्य घटलं हेही खरं. पण विषमतेचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या अंदाजानुसार 1980च्या दशकाच्या सुरुवातीला वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नातला सुमारे 6 टक्के वाटा होता. 2022-23मध्ये तो 22 टक्क्यांवर गेला.

या काळात कमाई आणि मजुरी बांधणाऱ्या त्या दोरीचं काय झालं? राज्यघटनेच्या 276व्या कलमाने व्यवसाय कराला वर्षाला 250 रुपयांची मर्यादा घातली होती. 1988च्या घटनादुरुस्तीने ती 2,500 झाली आणि तिथेच थांबली. पगारपत्रकावर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, ते याच हिशोबाने. महिना 30,000 मिळवणारा कारकून जेवढा कर भरतो, तेवढाच 30 लाख मिळवणारा संचालक. प्राप्तिकर उत्पन्नासोबत चढतो, हे मान्य. पण त्यातला अमुक हिस्सा कष्टकऱ्याच्या मजुरीचाच, असं कुठल्या कायद्याने बांधलेलं नाही.

2005 साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राची कल्पना देशभर गेली. देशभर गेला तो फक्त कामाचा हक्क. कमावणाऱ्याच्या खिशाशी असलेलं त्याचं थेट नातं मात्र मागे राहिलं, आणि जिथे ते होतं तिथेही गोठून गेलं. म्हणून वाढीमुळे विषमता आपोआप येते, असं म्हणणं फार सोयीचं आहे. वाढीसोबत काय वाढू द्यायचं आणि काय अडवून ठेवायचं, हे विधिमंडळं आणि संसद ठरवतात. 1988 साली घातलेली वेस ओलांडायची की नाही, हेही त्यांनाच ठरवावं लागेल; बाजाराच्या माथी ते मारता येणार नाही.