उजळणी आणि वगळणी

गेल्या महिन्यात आमच्या एका स्नेह्यांची कन्या आमच्याकडे आली होती. सनदी लेखापालाची अंतिम परीक्षा तिच्यापुढे उभी होती. दोन वर्षांची उमेदवारी आटोपल्यावर अभ्यासासाठी जे सहा महिने हाती यावयाचे, त्यांतील बहुतेक वडिलांच्या दुखण्यात गेले, आणि आता पाच आठवडे काय ते उरले होते. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकविणारे. जमाखर्चाचे आमचे ज्ञान वाण्याच्या वहीपलीकडे जात नाही. तेव्हा तिला विषयातील अडचण विचारावयाची नव्हती, हे उघड होते. ती म्हणाली, ‘काका, अर्धी प्रकरणे न उघडताच मी परीक्षेस बसले, आणि दैवाने उत्तीर्णही झाले, तर ती लबाडी होईल का हो?’

प्रश्न हसण्यावारी नेण्याचा मोह आम्हांस झाला. वेळ थोडा असता निवडून वाचावे, ही रीत विद्यार्थिवर्गात इतकी रूढ आहे की तिच्याविषयी कोणी शंका घ्यावी याचेच अनेकांस नवल वाटेल. प्रकरणांना अ, ब, क असे दर्जे लावलेली यादी तिच्याही हाती होती. मौज अशी की ही वर्गवारी त्यांच्याच शास्त्रातली. कोठारातील मोजक्या मौल्यवान मालावर कडक नजर ठेवावी आणि खिळेमोळे ढिलाईने मोजावेत, असा परिव्ययाचा नियम आहे. तोच विद्यार्थ्यांनी पुस्तकास लावला.

परंतु ‘उजळणी’ या शब्दाकडे वाचकांनी क्षणभर पाहावे. आमच्या नाशकाच्या भांडीबाजारातून आणलेला तांब्याचा हंडा वापराने काळवंडतो, म्हणून दिवाळीपूर्वी त्यास चिंच लावून उजळावयाचा. जो हंडा घरात आणलाच नाही, तो उजळणार कसा? एकदा वाचलेल्या भागाची दुसरी आवृत्ती करणे ही उजळणी. न वाचलेला भाग टाकून देणे, हिला दुसरे नाव हवे. आम्ही तिला वगळणी म्हणू. पहिलीत नीतीचा प्रश्न उद्भवत नाही. या मुलीस बोचत होती ती दुसरी.

तिने स्वपक्षाचे समर्थनही बरोबर आणले होते, आणि ते आमच्या अपेक्षेपेक्षा भक्कम निघाले. हिशेबतपासनीस प्रत्येक पावती पाहत नाही. अगणित नोंदींतून तो नमुना निवडतो, धोका जेथे अधिक तेथे अधिक पाहतो, आणि शेवटी ‘वाजवी’ खात्रीपलीकडे काही कबूल करीत नाही. इंग्लंडातील न्यायालयाने १८९६ साली किंग्स्टन कॉटन मिलच्या प्रकरणात, संशयास कारण नसता व्यवस्थापकाने दिलेल्या मालाच्या दाखल्यावर विसंबणाऱ्या तपासनिसांस दोषी धरले नाही. शिवाय परीक्षेचा नियमच असा की प्रत्येक पत्रिकेत शंभरांपैकी ४० आणि गटाच्या एकूण गुणांपैकी निम्मे मिळाले म्हणजे पुरे. मग निम्मे अज्ञान नियमानेच माफ केले नाही काय?

या युक्तिवादाने आम्ही त्या दिवशी निरुत्तर झालो, हे कबूल केले पाहिजे. त्यातील उणीव रात्री ध्यानात आली. नमुना काढतो कोण? तपासनीस काढतो, ज्याचे हिशेब तपासावयाचे त्याला तो अधिकार नाही. परीक्षेत तपासनिसाच्या जागी परीक्षक असतो. तीन तासांची पत्रिका म्हणजे त्याने विद्यार्थ्याच्या कोठारातून काढलेली मूठभर धान्ये, आणि त्या मुठीवरून तो पोत्याची पारख करतो. कोणत्या पावत्या मागितल्या जातील हे आधीच ताडून तेवढ्याच नीट लावून ठेवणाऱ्या कारकुनास आपण चतुर म्हणू. प्रामाणिक म्हणताना मात्र जीभ अडखळेल. आणखी असे की नमुना निवडण्यापूर्वी तपासनिसास त्या सबंध व्यवसायाची ओळख करून घ्यावी लागते, व आपल्या कामाच्या मर्यादा तो अहवालात लिहून देतो. उत्तीर्ण झालेल्यांच्या नावापुढे जी अक्षरे लागतात, त्यांखाली अशी तळटीप नसते.

तरीही त्या मुलीस लबाड म्हणण्यास आमचे मन धजेना. ४० गुणांचा नियम चोरून केलेला नाही; तो सर्व जगास ठाऊक आहे. वडिलांच्या उशाशी बसण्यात गेलेले महिने तिने उधळलेले नव्हेत. अंतिम परीक्षेचे दोन गट निरनिराळ्या वेळी देता येतात, आणि २०२५ पासून ती वर्षातून तीनदा होऊ लागली आहे. तेव्हा एक गट पुढे ढकलावा, असे आम्ही सुचवून पाहिले. यावर ती काही बोलली नाही. औषधपाण्याचा खर्च, धाकट्या भावाची फी, आणि उत्तीर्ण होताच मिळू शकणारी नोकरी, हे सारे तिच्या त्या न बोलण्यात होते. पगार दरमहा नियमित हाती येणाऱ्या प्राध्यापकाने ‘थांब’ म्हणणे फार सोपे आहे.

आमच्या मते लबाडी परीक्षेच्या दालनात घडत नाही. पुढे सही करतेवेळी तिची वेळ येते. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच कबूल केले की हिशेबात दाखविलेल्या रोकड व बँकशिलकेपैकी पाच हजार कोटींहून अधिक रक्कम अस्तित्वातच नाही. बँकेतील शिल्लक बँकेलाच परभारे विचारून पडताळावी, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात थोड्या पानांची. अ, ब, क यांपैकी कोणता दर्जा तिच्या वाट्यास येत असेल कोण जाणे! वगळलेल्या पानाची किंमत अशी कोणा अनोळखी भागधारकास मोजावी लागते.

या सनदी लेखापालांच्या संस्थेची स्थापना १ जुलै १९४९ ची. तिचे बोधवाक्य कठोपनिषदातील असून निजलेल्यांत जो जागा असतो त्याविषयी ते आहे. परीक्षार्थी त्याचा अर्थ सोयीने रात्रीचे जागरण असा घेतात. ही मुलगीही जेमतेम चार तास झोपत होती. न झोपलेल्या डोक्यात वाचलेले टिकत नाही, एवढा तरी उपदेश आम्ही अधिकारवाणीने केला.

दुसरा उपदेश करताना आम्हांस आमचीच गोष्ट सांगावी लागली. एम. ए. च्या वेळी आम्ही पोप हा कवी असाच वगळला होता. प्रश्न टळला, वर्ग मिळाला. आणि नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी नेमका पोपच शिकविण्यास आला. दोन वर्षे आम्ही बाजारी टिपणांवर वेळ मारून नेली. मुले मान डोलावीत. तो कवी आम्ही नीट वाचला तो एम. ए. नंतर नवव्या वर्षी. मधल्या काळात आमच्या हातून गेलेल्या मुलांना त्याची भरपाई कोणी केली नाही.

हे ऐकून ती उठून गेली. दोन्ही गट देण्याचेच तिने ठरविले. पुढे स्नेह्यांच्या घरी समाचारास गेलो असता तिच्या मेजावर एक नवी वही दिसली. पहिल्या पानावर अकरा प्रकरणांची नावे, प्रत्येकापुढे तारखेसाठी कोरी जागा. वडिलांनी अंथरुणावरूनच विचारले, ‘ही कसली ग यादी?’

‘देण्यांची,’ ती म्हणाली, आणि पुन्हा पुस्तकात डोके घालून बसली.