वास, वासना आणि वर्णन

१

सुगंधाचे वर्णन करणारा माणूस नेमके काय करीत असतो, हा प्रश्न वरवर पाहता साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. शब्द आणि अनुभव यांच्या संबंधाविषयी जेवढी चर्चा मराठी समीक्षेत झाली, ती प्रामुख्याने दृश्य आणि श्राव्य प्रतिमांच्या आधाराने झाली. घ्राणसंवेदनेकडे फारसे कोणी वळले नाही. परंतु शब्दाची कसोटी जिथे त्याचा आधार सर्वांत दुबळा असतो तिथेच लागते, हे मान्य केले तर या उपेक्षित संवेदनेपासून विचाराला आरंभ करणे गैर ठरू नये. त्यातही हा प्रश्न आज केवळ सैद्धांतिक उरलेला नाही. तो नैतिक झाला आहे.

सोलापुरातील एका स्त्रीची कल्पना करावी. ती घरी साबणाच्या वड्या आणि धूप तयार करते, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा ओळखीपाळखीत विकते. तिला मोगऱ्याचे सुगंधी तेल हवे आहे. एके काळी ती अत्तराच्या दुकानात गेली असती. दुकानदाराने कापसाचा फाया तिच्या हाताच्या पाठीवर टेकवला असता, तिने तो हुंगला असता आणि मान हलवली असती किंवा नाकारली असती. या व्यवहारात शब्दांना जवळजवळ काम नव्हते. आज ती दूरध्वनीच्या पडद्यावर तीन विक्रेत्यांचा ‘मोगरा’ पाहते. चित्रे सारखीच, किमती वेगवेगळ्या, आणि खाली वर्णन : ‘मोहक’, ‘मन प्रसन्न करणारा’, ‘अस्सल’, ‘आरंभी ताजा, मध्ये फुलांचा, तळाशी उबदार’. पडद्याला वास नाही. निवड शब्दांवर करायची आहे. आठवड्याने आलेल्या बाटलीतून तिला मोगरा मिळत नाही; मिळतो तो धुण्याच्या पावडरीची आठवण करून देणारा एक गोडसर दर्प. तिच्याशी कोणी खोटे बोलले काय? बोलले असेल तर नेमके कोणते विधान खोटे होते? ‘मोहक’ या शब्दाचे खंडन कोणत्या पुराव्याने करावयाचे?

२

यावर सहज सुचणारे उत्तर असे की दोष कोणाचाच नाही. भाषाच येथे अपुरी आहे. या उत्तराला प्रतिष्ठित पूर्वजही आहेत. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त रूपाचे सात प्रकार आहेत, रसाचे सहा आहेत, गंधाचे मात्र दोनच : सुरभी आणि असुरभी. कांटने १७९८ च्या आपल्या मानवशास्त्रविषयक ग्रंथात घ्राणेंद्रियाला सर्वांत कमी उपकारक आणि सर्वांत सहज वगळता येण्याजोगे ठरविले. विट्गेन्स्टाइनने, त्याच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, कॉफीच्या वासाचे वर्णन का करता येत नाही, असे विचारले; पण पुढे जाऊन, आपल्याला उणीव भासते ती कशाची, अशा वर्णनाची कल्पना तरी आपल्यापाशी आहे काय, असाही प्रश्न त्याने केला. त्याच्या प्रश्नाचा हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

कारण मराठीपुरते बोलायचे तर ‘भाषा अपुरी’ हे विधान टिकत नाही. बंद खोलीतल्या ओलसर कपड्यांना ‘कुबट’ वास येतो. जुन्या शेंगदाण्याला ‘खवट’. उतरलेल्या आमटीला ‘आंबूस’. तळाशी लागलेल्या भाताला ‘करपट’. मासळीच्या भांड्याला ‘वशट’. तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तिळाला ‘खमंग’. यांतला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही आणि वापरताना कोणी अडखळत नाही. उलट सुगंधाच्या प्रांतात शिरताच मराठी एकतर वासाच्या उगमाचे नाव घेते (मोगऱ्याचा, केवड्याचा, वाळ्याचा), नाहीतर त्याची तीव्रता सांगते (मंद, उग्र), नाहीतर त्याची गती (दरवळ, घमघमाट, भपकारा). वासाचा गुण सांगणारा स्वतंत्र शब्द तिथे क्वचितच सापडतो.

ही विषमता अर्थपूर्ण आहे. तेल खवट झाले की नाही, यावर घराचे जेवण अवलंबून होते. एक बाई हुंगते, दुसरीला हुंगायला देते, दोघींचे एकमत होते, आणि त्या एकमतातून शब्द पक्का होतो. गंधाची शब्दसंपदा नाकातून उपजत नाही. ती नाकांच्या सहवासातून उपजते. मलेशियातील जहाई या अरण्यवासी समाजाविषयी असिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की त्या भाषेचे बोलणारे वासांना रंगांइतक्याच सहजपणे नावे देतात. तेव्हा उणीव भाषेच्या स्वभावात नसून व्यवहारात आहे. ज्या गोष्टी माणसे एकत्र हुंगतात, त्यांचे वर्णन त्यांना करता येते.

३

या ठिकाणी सोलापूरच्या बोलीव्यवहारातील एक गोष्ट उद्बोधक ठरते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा या शहरात शेजारी राहतात. कन्नडमध्ये ‘वासने’ आणि तेलुगूत ‘वासन’ म्हणजे साधा वास. तेलुगू घरातील स्त्री भाजीच्या वासाबद्दल बोलू लागली की मराठी शेजारणीच्या कानांना तो शब्द क्षणभर संकोचाचा वाटतो. कारण मराठीत ‘वासना’ म्हणजे इच्छा, आणि तीही बहुधा निंद्य. परंतु दोन्ही अर्थ एकाच संस्कृत शब्दाचे आहेत. ‘वासित’ म्हणजे सुगंध दिलेले. तिळाचे आणि फुलांचे थर एकावर एक रचून ठेवायचे, फुले बदलत राहायची आणि मग तीळ घाण्यात घालायचे, ही फुलेल करण्याची जुनी रीत. फूल निघून जाते; तेलात त्याचा वास उरतो. पूर्वकर्माचा किंवा पूर्वानुभवाचा चित्तावर उरणारा ठसा समजावून देताना भारतीय दार्शनिकांनी याच फुलांनी वासित तिळाचा दृष्टांत पुन्हा पुन्हा वापरला. म्हणजे ‘वासना’ ही संज्ञा तत्त्वज्ञानात आली ती सुगंधी तेलाच्या कारखान्याची आठवण घेऊन.

अभिनवगुप्ताने रसास्वादाची उपपत्ती लावताना हीच संज्ञा मध्यभागी ठेवली. नाट्यातील विभावादिकांनी सहृदयाच्या ठायी रस निष्पन्न होतो तो त्याच्या चित्तात स्थायिभावांच्या वासना आधीपासून असतात म्हणून. हा सिद्धांत सुगंधवर्णनाला लावून पाहिला तर त्या स्त्रीची फसगत कशी झाली, हे उलगडू लागते. ‘मोगरा’ हा शब्द वास वाहून आणीत नाही. ऐकणारीच्या चित्तातील ठसा तो जागा करतो, इतकेच. तिच्या ठशात उन्हाळ्याची संध्याकाळ आहे, ओल्या फडक्यात गुंडाळलेला गजरा आहे. विक्रेत्याच्या किंवा त्याला मजकूर लिहून देणाऱ्याच्या ठशात कदाचित अशीच दुसरी एखादी बाटली असेल. एकाच शब्दाने दोन निरनिराळ्या वासना जाग्या झाल्या, आणि दोघांनाही वाटले की बोलणे एकाच वस्तूविषयी झाले.

जिथे वासना सामाईक असते, तिथे वर्णनाची गरजच पडत नाही. पंढरपूरच्या बुक्क्याचा वास कसा असतो, हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही. ‘बुक्क्याचा वास’ एवढे म्हणणे पुरते. ज्याने तो कधी कपाळी लावला नाही, त्याच्यासाठी पानभर विशेषणेही अपुरी पडतात. आणि जिथे वासना सामाईक नाही, तिथे जुन्या शास्त्रकारांनी विशेषणांचा आधार घेतला नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी ज्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, ते गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ हे ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाले. ‘गंधवादा’वर तर मराठी टीका आहे, म्हणजे मराठी गद्याने काही शतकांपूर्वीच सुगंधाशी सामना केला होता. अशा ग्रंथांचा भर द्रव्य, प्रमाण आणि कृती यांवर असतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’च्या गंधयुक्ती या अध्यायात द्रव्यांच्या संयोगांचे गणित मांडले, सोळा द्रव्यांतून चार निवडण्याचे १८२० प्रकार होतात, हा त्यातलाच हिशेब. वास शब्दांत सांगण्यापेक्षा तो पुन्हा घडवता यावा, हे या परंपरेने पाहिले. तिच्या संयमात एक नैतिक शहाणपण आहे.

४

आजच्या विक्रेत्याच्या भाषेत याच्या नेमके उलट घडते, आणि त्या दोषाला संस्कृत काव्यशास्त्रात नावही आहे : स्वशब्दवाच्यत्व. ‘शृंगार’ हा शब्द उच्चारल्याने शृंगाराची प्रतीती होत नाही, हे आनंदवर्धनाने दाखविले आणि मम्मटाने रसाचे स्वशब्दाने कथन हा दोषच मानला. ‘मोहक’, ‘स्वर्गीय’, ‘मन प्रसन्न करणारा’ ही सर्व पदे गंधाविषयी काही सांगत नाहीत. गंधाने होणाऱ्या परिणामाची आगाऊ ग्वाही देतात. कारण दडवून कार्याची खात्री देणारे हे विधान आहे. ‘आरंभीचा, मधला आणि तळाचा’ ही परिभाषा त्याहून बरी, कारण तेलातील द्रव्ये वेगवेगळ्या वेगाने उडून जातात, या वस्तुस्थितीला ती धरून आहे. पण तिच्यामागे असलेली स्वरसप्तकाची उपमा फसवी आहे. षड्ज लावून दाखवता येतो आणि चुकला तर चुकला म्हणता येते. ‘उबदार’ला असा षड्ज नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. नाकेच भिन्न असतील तर विक्रेत्याने काय करावे? आक्षेपात तथ्य आहे. माणसाच्या नाकात गंध टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात. या ग्राहींच्या शोधासाठी लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अँड्रोस्टिनोन हे द्रव्य काहींना घामासारखे, काहींना गोड वाटते आणि काहींना त्याचा वासच येत नाही. या भेदाचा संबंध एका ग्राहीच्या जनुकातील फरकाशी असल्याचे २००७ मध्ये दिसून आले. शिवाय वस्तूही एकरूप राहत नाही. खऱ्या मोगऱ्याच्या सुगंधात इंडोल असते. तेच विष्ठेतही असते, आणि अल्प प्रमाणात ते फुलाला जिवंतपणा देते. बाटलीतला वास, साबणाच्या क्षारात मिसळल्यावरचा वास आणि आठवड्यानंतर वडीला येणारा वास हे तीन वेगळे वास होत.

मात्र या आक्षेपातून ‘काहीही म्हणावे’ असा निष्कर्ष निघत नाही; निघतो तो याच्या विरुद्ध. ज्ञान अनिश्चित आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने निश्चयाच्या सुरात बोलणे, हाच अपराध. वर्णनातील असत्य ‘मोगरा’ या शब्दात नसून ‘अस्सल’ या शब्दात आहे. प्रामाणिक वर्णन असे असू शकते : हे तेल कृत्रिम द्रव्यांचे आहे, ताज्या फुलापेक्षा वाळलेल्या गजऱ्याच्या जवळचे, साबणात याचा गोडवा वाढतो, आधी लहान कुपी मागवून पाहावी. यात एकही मोहक शब्द नाही. पण प्रत्येक वाक्य ऐकणारीला एक हुंगता येण्याजोगी गोष्ट देते आणि बोलणाऱ्याचे नाक कुठे उभे आहे, ते दाखवते. २०२० च्या ई-वाणिज्यविषयक ग्राहक संरक्षण नियमांनुसार जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये नसलेला माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. परंतु ‘मोहकता’ हे वैशिष्ट्य ठरते काय, हे कायद्याने ठरवणे कठीण. जिथे कायद्याचा हात पोचत नाही, तिथेच नीतीचा प्रश्न सुरू होतो.

अतिशयोक्ती हा काव्याचा अलंकार, मग विक्रेत्याला तो का नाकारावा, असेही विचारले जाईल. कवितेतील सुगंधाला कोणतीही बाटली जबाबदार धरीत नाही. कविता संपल्यावर टपालाने काही येत नाही. तिने जागविलेली वासना हाच तिचा माल, आणि तो जागच्या जागी पोचता झालेला असतो. विक्रेत्याचे वाक्य मात्र एका वस्तूची हुंडी आहे. ती वटली पाहिजे.

५

मग समीक्षकाचे वाक्य या दोहोंपैकी कोणत्या बाजूला पडते? मराठी समीक्षेने ग्रामीण साहित्याचा गौरव करताना ‘मातीचा गंध’ हे पद इतके वापरले की ते आता हुंगलेही जात नाही. कोणत्या मातीचा? पहिल्या पावसाच्या वासाला १९६४ मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पेट्रिकोर हे नाव दिले. ओल्या मातीच्या वासातील जिओस्मिन हे मातीतल्या सूक्ष्मजीवांचे उत्पादन, त्याचे नामकरण १९६५ मधले. कनौजला भाजलेली माती देगेत घालून तिचे बाष्प चंदनाच्या तेलात उतरवतात आणि ‘मिट्टी’चे अत्तर काढतात. ती माती गंगेकाठच्या गाळाची. सोलापूरच्या भेगाळलेल्या काळ्या रानावर पडणाऱ्या पहिल्या सरीचा वास आठवून ज्याने ती कुपी मागवली, त्याला परक्या गावचा पाऊस मिळतो. कुपी खोटी नसते. ‘माती’ हा शब्द मात्र एकवचनात वापरला गेलेला असतो.

समीक्षेत हेच घडते. ‘अस्सल’, ‘मातीतली’, ‘जीवनाचा दर्प असलेली’ असे एखाद्या कादंबरीविषयी लिहिणारा परिणामाची ग्वाही देतो आणि कारण दडवतो. ज्या वासनेच्या बळावर त्याला ती कृती भावली, ती तो सर्वांची समजून चालतो. आणि समीक्षकाच्या वाक्यापाठोपाठही एक बाटली येते : खुद्द साहित्यकृती. वाचक ती उघडणार असतो. तेव्हा काव्याची सवलत समीक्षेला मागता येत नाही. कृतीतील कोणत्या गोष्टीने कोणता ठसा जागा झाला, हे सांगणे आणि तो ठसा आपला आहे, हे न लपवणे, एवढे तिच्याकडून मागता येते.

त्या सोलापूरच्या स्त्रीने पुढे काय करावे, याचे उत्तर तिच्या व्यवहारातच आहे. उद्या तिच्या वड्या दुसऱ्या कोणीतरी न हुंगता मागवणार आहे, आणि कागदाच्या वेष्टनावर काहीतरी लिहावे लागणार आहे. ‘मोगरा’ लिहिण्यापूर्वी तिचा हात क्षणभर थांबला, तर सुगंधाच्या वर्णनाची नीती तिला उमगली, असे म्हणता येईल.