डाग कुणाच्या नावाचा?

टेक्ससच्या दक्षिणेला किंग्जव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या रॅगलंड मर्कंटाइल इमारतीत ‘किंग रँच सॅडल शॉप’ आहे. एके काळी रँचवरच्या घोडेस्वारांसाठी खोगिरं शिवायची म्हणून सुरू झालेलं हे काम. आज तिथे चामडी पिशव्या, पट्टे, पाकिटंही मिळतात. सव्वाआठ लाख एकरांचं हे किंग रँच अजूनही त्याचा संस्थापक रिचर्ड किंग याच्या वंशजांच्या मालकीचं आहे. त्याची खूण म्हणजे नागमोडी ‘डब्ल्यू’, १८६९ साली नोंदवलेली. तापल्या लोखंडाने ती गुरांच्या अंगावर उमटली की अर्थ एकच: हे जनावर आमचं.

डाग देणं आपल्यालाही नवं नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने वृषोत्सर्ग करताना वळूच्या अंगावर त्रिशूळ आणि चक्र डागून त्याला मोकळं सोडायची रीत होती. त्यानंतर तो कुणाचाच नाही. त्याला जुंपायचं नाही, विकायचं नाही. टेक्ससमध्ये ज्या चटक्याने हक्क सांगितला, त्याच चटक्याने धर्मशास्त्राने हक्क सोडायला लावला. जनावराला मात्र दोन्हीकडे भाजलं, हेही विसरून चालणार नाही.

मग मालकी येते कुठून?

सतराव्या शतकात जॉन लॉकने उत्तर दिलं की, निसर्गातल्या वस्तूत माणूस आपले कष्ट मिसळतो, म्हणून ती त्याची होते. हा निकष किंग रँचला लावून पाहावा. १८५३ साली किंगने साडेपंधरा हजार एकर रान तीनशे डॉलरना घेतलं. पुढच्या वर्षी मेक्सिकोतलं क्रुइयास गाव दुष्काळाने होरपळत होतं. किंगने तिथली गुरं विकत घेतली आणि माणसांनाही कामाला बोलावलं. बरीच कुटुंबं बिऱ्हाड पाठीवर घेऊन आली. गुरं राखणं, घोडे शिकवणं, फास टाकणं ही सगळी विद्या त्यांच्याकडे होती. पुढच्या पिढ्याही तिथेच राबल्या. त्यांना ‘किनेन्यो’ म्हणतात, किंगची माणसं. रँचच्या या वारशात त्यांचे कष्ट केवढे! पण लॉकने चाकराचे कष्टही धन्याच्याच खात्यावर मांडले होते. त्याच्या विचारातली खरी खोट तिथे आहे.

आणि खुद्द गुरांचं काय? या रँचने शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मण यांच्या संकरातून सांता गर्ट्रूडिस ही जात घडवली. १९४० मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. अमेरिकेतली ब्राह्मण गुरं भारतातून गेलेल्या जनावरांपासून निपजली. त्यांत गीर आणि ओंगोल होती, तशी आपल्या कृष्णा खोऱ्यातलीही. ऊन सोसण्याची ताकद त्या रक्तातून आली.

वारसा असा अनेकांचा आहे, म्हणून तो विकूच नये, असं मुळीच नाही. खोगिरं विकली गेली नाहीत तर ती शिवणारे हातही उरणार नाहीत. पण गांधीजी धनवानाला विश्वस्त म्हणत, त्या नात्याने दुकानदार उभा राहिला तर त्याला हिशेब द्यावा लागेल. त्या हिशेबात क्रुइयासहून आलेल्या घराण्यांची नावं किंगच्या नावाशेजारीच यायला हवीत.