हरकतीचा अधिकार

गेल्या पावसाळ्यापूर्वी आमच्या गावच्या पंचायतघरात एक नकाशा टेबलावर अंथरला गेला. गावाच्या माथ्यावरील भरड जमिनीचे साठेक भाग पाडून ते घरांसाठी विकावयाचे, मधून रस्ते काढावयाचे, एका कोपऱ्यात मोकळी जागा सोडावयाची, असा तो प्रस्ताव होता. रेषा सरळ होत्या, आकडे स्वच्छ होते आणि प्रत्येक भागाला क्रमांक होता. त्या माथ्याखाली जी झर आहे, जिच्या पाण्यावर देवळाची तळी आणि खालची कुळागरे जगतात, ती मात्र त्या कागदावर कोठेच नव्हती. नकाशा काढणाऱ्याने ती लपविली, असा आरोप करण्यास जागा नाही. ती त्या जमिनीच्या हद्दीबाहेर उगम पावते, म्हणून त्या कागदाशी तिचा संबंध नव्हता, एवढेच.

ग्रामसभेपुढे प्रश्न आला तो एका वाक्याचा: कोणाची हरकत आहे काय? हरकत पुष्कळांची होती. आमचीही होती, आणि ती आम्ही उभे राहून बोलून दाखविली. परंतु घरी परतताना एक शंका मनात शिरली व ती अद्याप निघालेली नाही. ज्याचे घर उभे आहे त्याने, ज्याचे घर अजून उभे राहावयाचे आहे त्याला नाही म्हणावयाचे, ते कोणत्या अधिकाराने?

कायद्याला हा प्रश्न पडत नाही, आणि पडावा अशी अपेक्षाही नाही. गोव्यात जमिनीचे असे भाग पाडावयाचे तर १९७४ च्या नगरनियोजन कायद्याखाली मान्यता लागते, १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली रूपांतराची सनद लागते, आणि पंचायतीचा परवाना लागतो. जमीन आराखड्यात कोणत्या रंगाने रंगविली आहे, यावर बाकीचे बहुतेक ठरते. म्हणूनच त्या रंगांसाठी एवढी भांडणे झाली. २०११ सालासाठी केलेला प्रादेशिक आराखडा लोकक्षोभामुळे २००७ साली सरकारला मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या २०२१ च्या आराखड्याचे नकाशे गावोगावच्या पंचायतींकडे पाठविले गेले, आणि पुष्कळ गावांनी प्रथमच आपल्या शेताला, डोंगराला व नाल्याला कागदावर पाहिले. पुढे २०२३ साली कायद्यात एक पोटकलम घालून एकेका जमिनीचा रंग दुरुस्तीच्या नावाखाली बदलण्याची वाट मोकळी झाली, आणि त्याखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविले. हा सारा इतिहास आता गावच्या चहाच्या दुकानातही तोंडपाठ आहे. तथापि रंग योग्य असला म्हणून कृत्य योग्य ठरते काय, आणि हरकत घेणारा हरकतीला पात्र असतो काय, हे कोणत्याही अनुसूचीत लिहिलेले सापडत नाही.

त्या सभेत हरकती तीन प्रकारच्या निघाल्या. पाणी पुरणार नाही, ही पहिली. रस्ता अरुंद आहे, ही दुसरी. तिसरी कोणी सरळ शब्दांत मांडली नाही, पण सर्वांत अधिक टाळ्या तिलाच पडल्या: हे येणारे लोक कोण, कोठले, त्यांचा आमच्या गावाशी संबंध काय? टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

टाळ्या थांबल्यावर मागच्या बाकावरून एक वृद्ध गृहस्थ उठले. त्यांचे घराणे पिढ्यान् पिढ्या आमच्याच नात्यातल्या एका भाटकाराच्या जमिनीत मुंडकार म्हणून राहिलेले. त्यांनी आमच्याकडे पाहून एवढेच विचारले: "बाब, तुमची अग्रशाळा बांदतना आमकां कोणें विचारिल्लें?"

उत्तर कोणी दिले नाही. अग्रशाळा बांधली गेली तेव्हा देवळामागचा उतार कापून तिच्यासाठी सपाट जागा केली होती, आणि त्यानंतर काही वर्षे पावसाळ्यात मातीचा लोट त्या गृहस्थांच्या अंगणापर्यंत येत असे. ही गोष्ट गावात सर्वांस ठाऊक होती. ती हरकत म्हणून नोंदविण्याची सोय मात्र त्या काळी त्यांच्यापाशी नव्हती. जो दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहतो, ज्याचे छप्पर मालकाच्या मर्जीवर टिकून असते, तो हरकत कसली घेणार? मुंडकारांस घरातून हुसकावून लावण्यापासून संरक्षण देणारा कायदा गोव्यात १९७५ साली झाला. त्यापूर्वीचा जो गाव आम्ही आठवणीत सुंदर करून ठेवला आहे, त्याची शांतता कोणाच्या मौनावर उभी होती, हे आम्हांस त्या दिवशी उमगले. उशिराच उमगले.

आणि ज्या समाजाच्या वतीने आम्ही बोलत होतो, त्याला तर परक्याला नाही म्हणण्याचा अधिकार सर्वांत कमी आहे. सोळाव्या शतकात साष्टी-तिसवाडीत देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा आमच्या पूर्वजांनी रात्रीच्या अंधारात देव उचलले आणि नदी ओलांडून ते अंत्रूज महालात आणले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. ती जागा रिकामी नव्हती. तेथे गावे होती, गावकर होते, त्यांचे ग्रामदेव होते. त्यांनी त्या वेळी ग्रामसभा भरवून, हे येणारे कोण आणि यांचा आमच्या गावाशी संबंध काय, असे विचारले असते तर आज ज्या तळीच्या काठी आपण पालखीची वाट पाहत उभे राहतो ती कोठे असती? सुईच्या टोकावर मावेल एवढीही भूमी देण्यास जो तयार नव्हता, त्याची महाभारतात काय गत झाली हे वाचकांस सांगावयास नको.

तेव्हा प्रत्येक प्रस्तावास मान डोलवावी, असा याचा अर्थ कोणी घेईल. आम्ही तो घेत नाही. माणसाविषयीची हरकत एक, आणि भूमीविषयीची हरकत दुसरी. आमच्या सभेत या दोहोंची सरमिसळ झाली होती, आणि पहिलीच्या टाळ्यांत दुसरी बुडून गेली.

जुन्या गावकरीत भूमीकडे पाहण्याची दृष्टी निराळी होती. १५२६ साली अफोन्सो मेशिया याने गावकरीचे रिवाज फोरालात नोंदवून घेतले. तेव्हाही ते रिवाज जुनेच होते. जमीन गावाची, ती कसण्यासाठी लिलावाने दिली जाई, बांध, देऊळ, नाले यांचा खर्च प्रथम निघे, आणि उरलेले गावकरांत वाटले जाई. त्या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. तो वाटा गावकरांच्या पुरुषवंशालाच असे; स्त्रीला आणि राबणाऱ्या कुळाला त्यात स्थान नव्हते. पण एक शहाणपण त्यात निश्चित होते. उत्पन्नाची वाटणी होत असे, बांधाची होत नसे. खाजन शेतीत ज्याने बांध पाहिला आहे त्याला याचे कारण समजेल. खारे पाणी एका ठिकाणी आत शिरले की ते कोणाचे शेत कोणते हे विचारीत नाही.

आमच्या माथ्याचेही तसेच आहे. आमची भरड जांभ्या दगडाची. पावसाळ्यात येथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला काही भाग त्या सच्छिद्र दगडातून सावकाश खाली झिरपतो आणि चैत्र-वैशाखात पायथ्याच्या झरीतून बाहेर येतो. वर फरशी, छप्पर आणि डांबर झाले की तेच पाणी आषाढात उतारावरून धावत सुटते आणि वैशाखात दिसेनासे होते. वरच्या साठ भागांचा प्रत्येक मालक आपल्या तुकड्यावर जे करील ते त्याच्या हद्दीत निर्दोषच असेल. दोष कोणाच्याच हद्दीत सापडणार नाही. आटलेली झर मात्र खाली असेल.

जमिनीचे जे भाग पाडता येतात ते विकले जातात, त्यांना किंमत येते, त्यांचे कागद होतात. जे भाग पाडता येत नाहीत, म्हणजे पाणी, उतार, पालखीची वाट, गुरांची वाट, वारा, त्यांचीही त्याच दिवशी वाटणी होते. फक्त ती शेजाऱ्यांत होते, न विचारता होते, आणि तोट्याच्या रूपाने होते. हरकत घेण्याचा अधिकार असेल तर तो या दुसऱ्या वाटणीविरुद्ध आहे. त्यासाठी गावात जन्म घेतलेला असावा लागत नाही, घर जुने असावे लागत नाही. उद्या येणारा नवा रहिवासीही तो तितक्याच न्यायाने बजावू शकेल. जेथे त्याला तो अधिकार नसेल अशी हरकत आम्ही घेत असू, तर ती भूमीविषयीची हरकत नव्हे. ती आमच्या सोयीची आहे.

घर हवे असणे आणि प्लॉट हवा असणे यांत अंतर आहे, असेही कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातली पाचांतले एक घर या प्रमाणात घरे रिकामी आढळली. एका बाजूस राहावयास जागा नाही म्हणून तक्रार, दुसऱ्या बाजूस बंद दरवाजांच्या रांगा. पण येथेही आमचे बोट आमच्याकडेच वळते. आमच्या महाजनांपैकी कित्येकांची घरे गावात आहेत, आणि ती जत्रेच्या आठवड्यात उघडतात. उरलेले वर्ष मुंबईस, बेळगावास वा त्याहूनही दूर जाते, आणि कुलपाला तेल घालण्याचे काम शेजारच्या मुंडकाराच्या सुनेकडे असते.

हे सारे विचार कागदावर उतरविण्याचे कारण निराळेच आहे. ग्रामसभेनंतर काही महिन्यांनी महाजनांची सभा भरली आणि कार्यक्रमपत्रिकेत एक विषय होता: देवळामागच्या उताराची जमीन भाग पाडून विकावी काय? अग्रशाळेचे छप्पर गळते आहे, पुरोहितांचे मानधन वाढवावयाचे आहे, आणि जमिनीला आज जो भाव आहे तो उद्या राहील याचा भरवसा नाही, असे विवेचन खजिनदारांनी केले. त्यांच्या हातात नकाशाही होता. रेषा तशाच सरळ होत्या. पंचायतघरात ज्यांनी कडाडून विरोध केला होता त्यांपैकी काहींनी येथे अनुमोदन दिले, आणि त्यांस त्यात काही विसंगत वाटले नाही, कारण ही विक्री धर्मकार्यासाठी होती.

भारतातल्या न्यायालयांनी देवतेला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले आहे, आणि तीही अज्ञान बालकासारखी, जिची मालमत्ता दुसऱ्यांनी सांभाळावयाची. अज्ञानाच्या पालकाने इस्टेट केव्हा विकावी याविषयी प्रिव्ही कौन्सिलने १८५६ साली एका खटल्यात जो नियम घालून दिला, तोच पुढे देवस्थानांच्या व्यवस्थापकांस लावण्यात आला: खरी निकड असावी, किंवा इस्टेटीचे हित असावे. गोव्यातील महाजनांची देवस्थाने १९३३ च्या निराळ्या नियमावलीखाली चालतात, हे आम्ही जाणतो. कायद्याचा मुद्दा आम्ही काढीतही नाही. पण पालकपणाची ही कल्पना आम्हांस विलक्षण वाटते. अज्ञान बालक आपले हित बोलून दाखवू शकत नाही. झर बोलू शकत नाही. पन्नास वर्षांनी जो मुलगा त्या तळीत पाय बुडविणार आहे तोही आज सभेला येऊ शकत नाही. या सर्वांचा पालक म्हणून ज्याला बसावयाचे आहे त्याने छप्पर गळते एवढ्यावरून निकड सिद्ध झाली असे मानावे काय? छप्पर तर वर्गणीनेही शाकारता येते. पूर्वी येत असे.

आम्ही सभेत एक उपसूचना मांडली. झरीवरचा सगळा उतार जसा आहे तसा राखावा. रस्त्यालगत जी अरुंद सपाट पट्टी आहे तेवढीच विचारात घ्यावी, आणि ती विकू नये. गावातच राहणाऱ्या व स्वतःचे घर नसलेल्या सात-आठ कुटुंबांना दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावी. यातून अग्रशाळेचे छप्पर होणार नाही, हे आम्ही प्रारंभीच सांगितले. एका महाजनांनी विचारले, ही कुटुंबे कोण ठरविणार, आणि त्यांत आपले किती? दुसऱ्यांनी हसून म्हटले, तुम्ही पंचायतीत विकावयास नको म्हणता आणि येथे फुकट वाटावयास सांगता. फुकट हा शब्द आम्ही वापरला नव्हता, पण भाड्याचा दर काय असावा याचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते, ही गोष्ट खरी. तो दर मोठा ठेवला तर पट्टी गावाबाहेरच्यालाच जाणार. लहान ठेवला तर देवाच्या मालमत्तेचे नुकसान केल्याचा ठपका, आणि तो सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही.

विषय पुढील सभेवर गेला. तोपर्यंत वैशाखात झरीचे पाणी आठवड्यातून एकदा मोजावे, एवढे मात्र मान्य झाले. काम सोपे आहे. एक घागर, एक घड्याळ आणि लिहून ठेवणारा कोणी असला की पुरे. त्या वृद्ध गृहस्थांच्या नातवाने ते आपणहून अंगावर घेतले आहे. लग्न ठरले आहे, घरात खोली एकच, म्हणून तो गावात जागा शोधतो आहे. नकाशा पाहावयाचा आहे, असे तो परवा खजिनदारांस सांगून गेला. तो अद्याप कपाटातच आहे.