देवाशेजारचा वेंधळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि तिथे कृष्णाइतकाच भाव खाऊन जातो तो पेंद्या, कृष्णाचा लंगडा, वेंधळा सवंगडी. सर्वसमर्थ देवाला असा वेंधळा सवंगडी कशाला हवा? केवळ हसवायला, असे कुणी म्हणेल. व्यंगावर हसणे क्रूर, असाही आक्षेप येईल. पेंद्याचे लंगडणे हाच विनोद केला, तर तो आक्षेप खराच आहे. पण काल्यात त्याची शिदोरी इतरांच्या शिदोऱ्यांत मिसळते आणि कृष्ण ती आवडीने खातो. भक्तीला कर्तबगारीची अट नाही, हे नुसते सांगून पटत नाही. पेंद्या ते दाखवतो. काल्यातून त्याला वगळू नये; त्याच्या पायाची नक्कल मात्र कीर्तनकारांनी थांबवावी.