पायातली माणसं

पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचं भूत हिंडतं म्हणतात. १७७३ साली त्याचा खून झाला. 'काका, मला वाचवा' ही आरोळी म्हणे अजून रात्री ऐकू येते. मित्रांनो, पेशवा मेला तर त्याचं भूत होतं. पायात पुरलेल्यांचं का होत नाही?

१८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्तानं, मांगाच्या पोरीनं, 'ज्ञानोदया'त लिहिलं की आमच्या माणसांना तेलशेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरत. ही आरोळी कुणाला ऐकू येते?

माझी शाळेतली मैत्रीण वाड्यात राहायची. माळवदावर भूत आहे म्हणून दोघी हात धरून भ्यायचो. भीतीला शिवाशिव नव्हती, तहानेला होती. तिची आई मला पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत. पुढं मी तिला मुक्ताचं लिखाण दिलं. म्हणाली, 'जाऊ दे गं, जुनं कशाला उकरतेस? आपण मैत्रिणी ना?'

सवाल इथंच आहे. पुरलेलं तसंच ठेवायच्या अटीवर टिकते, ती मैत्री का? मी म्हणते, नाही. ती गप्प बसायची किंमत झाली. आज्याच्या पापाची शिक्षा नातीला नको. तिनं माझ्यापुढं मान खाली घालावी, हेही नको. पण वाडा वारशानं घेतला तर पायाही वारशातच आला. बंधुतेशिवाय समता म्हणजे वरवरचा रंग, हे बाबासाहेबांनी १९४९ सालीच घटना समितीत बजावलं. रंग भिंतीला लागतो, पाया खणावा लागतो.

वसतिगृहात, मोर्चात मैत्री जोडताना एवढं विचारा: बाई, कुदळ धरशील का?