वाद्यावरील प्रेम आणि नादाचे स्वामित्व

एखाद्या वाद्यावर जीव लावणे ही साधना की आसक्ती, हा प्रश्न जितका संगीताचा आहे तितकाच धर्मविचाराचाही आहे. वाद्य ही वस्तू आहे. तिला आकार, वय, घडविणाऱ्याचे नाव आणि किंमत असते. तिच्यातून उमटणाऱ्या नादाला यांपैकी काहीच नसते, तरीही त्या नादापर्यंत जाणारी वाट त्या वस्तूतूनच जाते. इंद्रियांना रमविणाऱ्या गोष्टींत गुंतू नये असे सांगणाऱ्या परंपरांपुढे त्यामुळे वाद्याचे काय करावे हा पेच नेहमीच उभा राहिला आहे. नांदेड आणि लातूर हे जिल्हे या पेचाचा विचार करण्यास विशेष अनुकूल आहेत, कारण शीख, वारकरी, बौद्ध आणि खंडोबा-रेणुकेच्या उपासकांच्या परंपरा येथे शेजारी नांदतात आणि वाद्याकडे पाहण्याची प्रत्येकीची दृष्टी निराळी आहे.

या प्रश्नाचे आधुनिक रूप बेस गिटारच्या चाहत्यांमध्ये ठळकपणे दिसते. बेस गिटार म्हणजे बहुधा चार जाड तारांचे, खर्जात बोलणारे आणि विजेच्या साहाय्याने आवाज मोठा करणारे वाद्य. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. अमेरिकेतील सिएटल येथे पॉल टुटमार्क यांनी 1930 च्या दशकात असे वाद्य घडविले होते, पण ते सर्वत्र पोहोचले ते लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणल्यानंतर. त्याच्या गळ्यावर सतारीसारखे पडदे असल्यामुळे सूर नेमका लागत असे. पुढे याच वाद्याला नाना विक्षिप्त रूपे मिळाली. जर्मनीच्या हॉफनर कंपनीने त्याला व्हायोलिनचा आकार दिला. 1980 च्या सुमारास स्टाइनबर्गर यांनी खुंट्यांचा माथाच काढून टाकला. आणि जॅको पास्टोरियस या वादकाने आपल्या वाद्यावरील पडदे उपटून सूर पुन्हा बोटांच्या आणि कानाच्या स्वाधीन केला. पॉल मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतलेला हॉफनर 1972 मध्ये चोरीस गेला आणि तो परत मिळाल्याचे 2024 मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्या बातमीने जगभरच्या रसिकांना झालेला आनंद एखादी हरवलेली वस्तू सापडल्याच्या आनंदाहून कितीतरी मोठा होता.

अशा जुन्या वाद्यांची तुलना करताना चाहते एका वादापाशी हमखास पोहोचतात: नाद नेमका कशात असतो? तारेचे कंपन पकडून त्याचे विजेच्या लहरीत रूपांतर करणारे चुंबकीय साधन, ज्याला पिकअप म्हणतात, तेच आवाजाचे उगमस्थान असेल, तर लाकूड कोणते आणि किती जुने याने काय फरक पडतो, असे एक पक्ष विचारतो. दुसरा पक्ष म्हणतो की लाकूड, वजन, गळ्याची घडण आणि वर्षानुवर्षांचा हात या सर्वांचा नादात वाटा असतो. हा वाद तंत्राचा भासतो, पण वस्तू आणि तिचा गुण यांचे नाते काय, हा त्याच्या तळाशी असलेला प्रश्न अडीच हजार वर्षांपासून भारतीय चिंतनात वावरत आहे.

पाली त्रिपिटकातील संयुत्त निकायात बुद्धांच्या तोंडी वीणेचा एक दृष्टान्त आहे. ज्याने वीणेचा नाद पूर्वी कधी ऐकला नाही असा एक राजा त्या नादाने मोहून जातो आणि तो नादच आपल्यापुढे आणण्याची आज्ञा करतो. सेवक वीणा आणतात. राजा मात्र वीणा नको, नाद हवा असा हट्ट धरतो आणि वीणेचे तुकडे करून, ते जाळून, राख उधळूनही त्याच्या हाती नाद लागत नाही. दांडी, चामडे, तारा, छेडणी आणि वादकाचा यत्न या सर्वांच्या संयोगातून नाद उपजतो, त्यांपैकी कोणत्याही एकात तो साठवलेला नसतो, हे त्या दृष्टान्ताचे तात्पर्य आहे. मनुष्याच्या ठिकाणी शोध घेतला तरी 'मी' आणि 'माझे' असे काही स्वतंत्रपणे सापडत नाही, हे त्यातून सांगायचे आहे. नांदेड जिल्ह्यात दाभडच्या बावरीनगरात धम्म परिषदा भरतात. त्या बौद्ध परंपरेच्या दृष्टीने पाहिले तर लाकूड की पिकअप हा वादच चुकीच्या जागी उभा आहे, कारण दोन्ही पक्ष नादाला एका जागी बांधू पाहतात. वाद्य घडविणाऱ्यांच्या व्यवहारातही हेच दिसते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात, म्हणजे घोडीचा पृष्ठभाग कानसेने घासून आणि तारेखाली दोरा सरकवून तारेचा त्या पृष्ठभागाशी होणारा स्पर्श साधतात. तो स्पर्श साधेपर्यंत उत्तम भोपळा आणि उत्तम लाकूडही मुकेच राहते.

बृहदारण्यक उपनिषदात याच वाद्याचा दृष्टान्त दुसऱ्या दिशेने वापरला आहे. याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात की वीणा वाजत असताना बाहेर पसरणारे स्वर कोणाला मुठीत धरता येत नाहीत, परंतु वीणा किंवा वीणावादक हाती आला की स्वरही हाती येतो. येथे वीणा मोडायची नाही, धरायची आहे. अनेकत्वाच्या मागे धावण्यापेक्षा ज्यातून ते अनेकत्व उमटते त्या मुळाला जाणावे, असा हा उपदेश आहे. दोन्ही दृष्टान्त एकमेकांच्या विरोधी वाटतात, पण ते एकमेकांची चूक टाळतात. वाद्य टाकून देणाऱ्याला नाद मिळत नाही, तसाच वाद्य फोडून त्यात नाद शोधणाऱ्यालाही मिळत नाही.

या दोन टोकांच्या मधली भूमी मराठवाड्यातच, देवगिरीच्या यादव दरबारात, फार समृद्धपणे नांगरली गेली. शार्ङ्गदेव हे सिंघण राजाच्या (सुमारे 1210 ते 1247) पदरी श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेब-दप्तराचे प्रमुख होते. त्यांच्या 'संगीतरत्नाकर' या सात अध्यायांच्या ग्रंथातील सहावा अध्याय वाद्यांना वाहिलेला आहे. त्यात एकाच तारेची एकतंत्री आहे, एकवीस तारांची मत्तकोकिला आहे, दांडीवर मेणात बसविलेल्या पडद्यांची किन्नरी आहे, धनुष्याच्या आकाराची पिनाकी आहे आणि 'निःशंक' या स्वतःच्या उपाधीचे नाव दिलेली निःशंकवीणाही आहे. निरनिराळ्या घडणींविषयीचे हे कुतूहल, मापे आणि द्रव्ये नोंदविण्याची ही आस्था पाहता, आजच्या वाद्यवेड्या रसिकाला शार्ङ्गदेव आपलेच पूर्वज वाटले तर त्यात नवल नाही.

तरीही त्यांची दृष्टी केवळ संग्राहकाची नव्हती. एकतंत्रीच्या वर्णनात ते तिच्या एकेका भागात देवता पाहतात: दांडी म्हणजे शंभू, तार म्हणजे उमा, भोपळा म्हणजे ब्रह्मा, आणि तिच्या दर्शनाने व स्पर्शाने पापे नाहीशी होतात असे सांगतात. सर्वांत साध्या, पडदे नसलेल्या, एकतारी वाद्याला त्यांनी हा मान दिला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ग्रंथाच्या आरंभी नादाचे दोन प्रकार त्यांनी मांडले आहेत: आघाताविना असणारा, योग्याने अंतरात अनुभवायचा अनाहत आणि आघाताने निर्माण होणारा आहत. अनाहत मुक्ती देतो, पण सामान्य माणसाचे रंजन करीत नाही. आहत नाद मात्र लोकांचे रंजनही करतो आणि भवबंध तोडण्यासही समर्थ असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. याचा अर्थ असा की लाकूड, तार आणि बोट यांच्या आघातातून जन्मणारा नाद हा मोक्षमार्गावरील अडथळा नसून गृहस्थाला उपलब्ध असलेला मार्गच आहे.

नांदेडमध्ये हा विचार वेगळ्या रूपात भेटतो. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी येथे गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले, आणि त्यामुळे कोणतीही मूर्ती किंवा वस्तू नव्हे, तर शब्द हाच गुरू ठरला. पण तो शब्द रागांत बांधलेला आहे. ग्रंथाची मुख्य रचना 31 रागांनुसार झाली असून त्यात नरसीशी नाते सांगणाऱ्या संत नामदेवांची 61 पदे आहेत. गुरू नानकांच्या वाणीला भाई मरदाना या मुस्लीम वादकाच्या रबाबाची साथ होती. सारंदा, दिलरुबा आणि मोराच्या आकाराचा ताऊस ही गजाने वाजविली जाणारी तंतुवाद्येही या परंपरेत मानाची आहेत; ताऊसचा उगम श्रद्धा गुरूंच्या काळात मानते, तर काही अभ्यासक तो एकोणिसाव्या शतकात मानतात. 2022 मध्ये अकाल तख्ताने अमृतसरच्या हरमंदिर साहिबात हार्मोनियमऐवजी तंतुवाद्ये पुन्हा रुजवावीत अशी भूमिका घेतली, तेव्हा त्यामागे केवळ जुन्याचे आकर्षण नव्हते. हार्मोनियमच्या पट्ट्यांवर सूर ठरावीक जागी अडकलेले असतात, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणारी मींड त्यांवर निघत नाही. ती तारेवर निघते. वाद्याची पूजा करायची नाही, पण वाणीला न्याय देणारे वाद्य निवडायचे, असा हा आदर आहे, आणि रूपाचे महत्त्व कशासाठी मानावे याचे त्यात नेमके उत्तर आहे.

लोकपरंपरेने हेच उत्तर फार थोड्या सामग्रीत दिले आहे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळींच्या हाती आणि माहूरच्या रेणुकेच्या गोंधळात गोंधळ्यांच्या हाती तुणतुणे असते. लाकडी पोकळ नळकांडे, त्याच्या तळाला मढविलेले चामडे, बाजूला ठोकलेली काठी आणि चामड्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार, एवढीच त्याची घडण. ढोलकीचे पोट आणि वीणेची तार यांचा असा संयोग कोणत्याही कारखान्याच्या विक्षिप्त नमुन्याइतकाच धाडसी आहे. त्याच्या घडविणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही आणि त्याला जुनेपणाची किंमतही नाही. जागरण संपेपर्यंत स्वर न तुटणे, एवढ्यावरच त्याची पारख होते.

आसक्ती आणि साधना यांतील भेद स्पष्ट करणारा आचार मात्र वारकऱ्यांच्या सप्ताहात सापडतो. नांदेड-लातूरच्या गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात आणि त्यांत सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. ती पहाऱ्याने, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या पाळीने, धरली जाते. पाळी संपली की एक विणेकरी दुसऱ्याच्या गळ्यात वीणा देतो आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. वीणेचा मान एवढा मोठा की तिला जमीन लागू द्यायची नाही, आणि तरीही ती कोणा एकाची नाही. किंबहुना ती कोणा एकाची नाही म्हणूनच तिचा नाद अखंड राहतो. बौद्ध दृष्टान्ताने सांगितलेला 'माझे'पणाचा अभाव आणि उपनिषदाने सांगितलेले वीणा धरणे या दोन्ही गोष्टी या एका आचारात एकत्र येतात.

यावरून मूळ प्रश्नाचा निर्णय करता येतो. वाद्याच्या रूपावर, त्याच्या वयावर, त्याच्या विलक्षण घडणीवर प्रेम करणे हा दोष नव्हे, कारण प्रत्येक घडण ही नाद कसा उमटावा या प्रश्नाला कोणा कारागिराने दिलेले प्रामाणिक उत्तर असते आणि त्या उत्तरांची तुलना करणे हा नादाचाच अभ्यास आहे. दोष उपजतो तो वाद्य दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी संपते तेव्हा. काचेच्या कपाटात बंद झालेला मोलाचा बेस आणि माळ्यावर धूळ खात पडलेले आजोबांचे तुणतुणे यांची किंमत बाजारात भिन्न असेल, परंतु धर्मविचाराच्या दृष्टीने दोन्हींची अवस्था एकच आहे. म्हणून नांदेड-लातूरच्या ज्या घरांत, मठांत, मंदिरांत आणि गुरुद्वारांत जुनी वाद्ये मुकी पडली आहेत, त्यांनी ती दुरुस्त करून घ्यावीत, वाजवावीत आणि वाजवू इच्छिणाऱ्या तरुणांच्या हाती द्यावीत. वाद्यावर स्वामित्व सांगता येते, नादावर सांगता येत नाही, आणि वाद्याचे खरे स्वामित्व ते पुढच्या हाती सोपविण्यातच सार्थ होते.